दिवसा तळ शोधा, दिवेलागणीला गळ सोडा: गोठलेल्या तलावात वॉलआय कसा सापडतो

देवगडला खाडीवर काका गरवायला निघाले की आधी नुसते उभे राहून पाणी बघायचे. भरती किती चढली, पाणी कुठे वळतंय, कुठलं खडप बुडालं. गरी पाण्यात पडायची ती त्यानंतर. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या पहिल्या हिवाळ्यात मी हे साफ विसरलो. गोठलेल्या मिलॅक्स तलावावर जिथे गरवणाऱ्यांचे दहा-बारा तंबू दिसले तिथेच बर्फात दोन भोकं पाडली, सकाळी नऊ ते दुपारी तीन बसलो आणि रिकाम्या हाताने परतलो. वर बर्फ आहे, खालचं काही दिसत नाही, तर वाचायचं काय, असं मी धरून चाललो होतो. पण बर्फाखालीही उतार असतात, कडा असतात, गाळ आणि खडी असते, आणि वॉलआय हा इथला मासा त्यांच्याच आधाराने फिरतो. तो सापडायला नशीब थोडं लागतं, तळाची माहिती भरपूर लागते. ती कशी काढायची ते इथे सविस्तर लिहितो. उदाहरण मुख्यतः मिलॅक्सचं देतो, कारण मिनियापोलिसपासून उत्तरेला सुमारे १०० मैलांवरचा हा तलाव मी सर्वात जास्त पायाखाली घातला आहे.

मासा आधी समजून घ्या

वॉलआय पर्च माशांच्या कुळातला. १९६५पासून तो मिनेसोटाचा अधिकृत राज्य-मासा आहे. इथले मूलनिवासी ओजिब्वे लोक त्याला 'ओगा' म्हणतात. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग, आणि मोठे, धुरकट काचेसारखे डोळे. या डोळ्यांतच त्याचं वेळापत्रक आहे. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश उलटा फेकणारा एक थर असतो. बॅटरीच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात ते अशाच थरामुळे. त्यामुळे अंधुक उजेडात वॉलआयला छान दिसतं. तो ज्यांच्यावर जगतो त्या पिवळ्या पर्चला त्या वेळी नीट दिसत नाही. सूर्य मावळतीला टेकला की शिकाऱ्याचं पारडं जड होतं, आणि हे त्याला ठाऊक असल्यासारखा तो खोलातून उथळाकडे सरकतो.

मिलॅक्समध्ये २००५ साली झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे तलाव पूर्वीपेक्षा नितळ झाला. पाणी नितळ म्हणजे दिवसा खाली उजेड जास्त, म्हणजे वॉलआय दिवसा आणखी दबून राहणार. याउलट अपर रेड लेक किंवा लेक ऑफ द वूड्सचं पाणी चहासारखं, गढूळ. तिथे भर दुपारीही मासा लागतो. नव्या तलावावर जाताना मी पहिली चौकशी पाण्याच्या रंगाची करतो.

तापमानाचंही एक गणित आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वात जड असतं. म्हणून बर्फाला लागून असलेलं पाणी शून्याजवळ आणि तळाचं त्याहून किंचित उबदार, अशी उलटी उतरंड हिवाळ्यात असते. वॉलआय बहुतेक वेळ तळापासून एक-दोन फुटांत राहतो. म्हणून शोध तळाचा घ्यायचा.

बर्फ तपासल्याशिवाय पाऊल नाही

राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे आकडे पाठ करून ठेवा: चालण्यासाठी किमान ४ इंच, स्नोमोबिलसाठी (बर्फावर चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी) ५ ते ७ इंच, छोट्या मोटारीसाठी ९ ते १० इंच. हे आकडे स्वच्छ, काचेसारख्या नव्या बर्फाचे. दुधाळ, पांढरा बर्फ असेल तर जाडी दुप्पट हवी. तलावभर जाडी सारखी नसते. ओढा मिळतो तिथे, झरे असतात तिथे, पुलाखाली आणि भेगांच्या कडेला बर्फ पातळ राहतो.

हातात लोखंडी पहार घ्या आणि चालताना पुढे ठोकत चला. एक-दोन घावांत पाणी वर आलं तर आल्या पावली, आपल्याच पावलांच्या खुणांवरून मागे फिरा. दर दीडशे फुटांवर भोक पाडून जाडी मोजा. गळ्यात बर्फाचे टोचे हवेतच. हे दोरीने जोडलेले दोन खिळेदार दांडके असतात. पाण्यात पडलात तर तेच बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. अंगात तरंगणारा सूट किंवा जॅकेट घाला आणि एकट्याने जाऊ नका.

मिलॅक्सवर जानेवारीत रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते साफ करतात आणि त्यासाठी प्रवेशाचे पैसे घेतात. मला ते पैसे सार्थकी लागलेले वाटतात, कारण त्या लोकांना रोज सकाळी कुठली भेग उघडली, कुठे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून वरंबा झाला, हे ठाऊक असतं. गाडी बर्फावर असताना काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला आणि वेग अगदी कमी. तंबूत हीटर लावला तर हवा खेळती ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र लावाच. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही.

घरी बसून करायचं काम

निम्मा शोध स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. संसाधन विभागाच्या लेकफाइंडर या संकेतस्थळावर मिनेसोटाच्या हजारो तलावांचे खोलीचे नकाशे आणि मासे-सर्वेक्षणाचे अहवाल फुकट मिळतात. आधी सर्वेक्षण वाचा. तलावात वॉलआय किती आहे, कुठल्या आकाराचा आहे, पर्च भरपूर आहे का. जिथे मुळात मासाच थोडा तिथे कितीही हुशारी करून उपयोग नाही.

मग समखोलीच्या रेषा बघा. रेषा एकमेकींना चिकटलेल्या म्हणजे तळ झपाट्याने उतरतो, दूर दूर म्हणजे सपाट मैदान. आपल्याला दोन्ही जिथे भेटतात ती कड हवी. मी पुढच्या जागांवर खुणा करतो: जमिनीची जीभ पाण्यात घुसते तिथलं टोक, मध्येच उठलेला उंचवटा, रेषा किनाऱ्याकडे आत वळते तो खळगा, आणि अजून हिरव्या असलेल्या पाणवनस्पतींची बाहेरची कड. सर्वात आवडती जागा मात्र नकाशावर क्वचितच दिसते. खडी संपून गाळ सुरू होतो ती सीमा. ती प्रत्यक्ष बर्फावरच कळते, कशी ते पुढे येईल.

मिलॅक्स सुमारे १ लाख ३२ हजार एकरांचा, पण सर्वात खोल जागी जेमतेम ४२ फूट. परातीसारखा. दक्षिणेकडे खडकाळ उंचवटे आणि खडीचे बांध, तर मध्यापासून उत्तरेकडे गाळाची पठारं, ज्यांना इथले लोक मड फ्लॅट म्हणतात. ही पठारं भोवतालच्या तळापेक्षा काही फूटच उंच आहेत, पण हिवाळाभर त्यांच्या कडांवर वॉलआय घुटमळतो, कारण गाळात किड्यांच्या अळ्या असतात, अळ्यांमागे पर्च येतो आणि पर्चमागे हा.

एका सहलीसाठी चार-पाच जागांच्या खुणा फोनवरच्या नकाशात टाकून ठेवा. एका जागेवर जीव टांगून निघू नका.

कुठल्या महिन्यात कुठे

बर्फ नुकताच धरतो तेव्हा, म्हणजे साधारण डिसेंबरात, मासा अजून किनाऱ्याजवळच असतो. टोकांच्या कडेला, ओढ्याच्या मुखाबाहेर, हिरव्या वनस्पतींच्या बाजूला, ६ ते १५ फुटांत. चालत जाऊन मासा मिळण्याचे हे दिवस, आणि माझ्या मते वर्षातले सर्वात चांगले.

जानेवारीत बर्फ जाड होतो आणि त्यावर हिमाची चादर पडते. उजेड कमी झाल्याने खालच्या वनस्पती सडतात, सडताना प्राणवायू खातात आणि मासा ती जागा सोडतो. तेव्हा गाळाची पठारं आणि मधले उंचवटे, २० ते ३० फूट किंवा थोडं अधिक. मासा विखुरलेला आणि सुस्त असतो, त्यामुळे चालणं आणि भोकं पाडणं दोन्ही वाढवावं लागतं.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तो अंडी घालायच्या जागांकडे, नदीमुखं आणि खडकाळ किनाऱ्यांकडे सरकू लागतो. पण मिनेसोटाच्या अंतर्गत तलावांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो. कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वूड्सवर मात्र तो १४ एप्रिलपर्यंत चालतो, म्हणून शेवटच्या बर्फाची सगळी गर्दी तिकडे लोटते.

भोकं पाडण्याची पद्धत

नवखा माणूस इथेच चुकतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

दुपारी एकपर्यंत बर्फावर पोहोचा. जानेवारीच्या मध्यावर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे शोधायला तीनेक तास मिळतात. गिरमिट, म्हणजे इथल्या भाषेत ऑगर, ८ इंचांचं असू द्या. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलला जोडायचं गिरमिट हलकं पडतं आणि आता बरेच जण तेच वापरतात.

नकाशावरच्या खुणेपाशी पोहोचलात की उतार आडवा कापत जा. समजा कड १८ फुटांवर सुरू होऊन २८ फुटांवर संपते. मग उथळाकडून खोलाकडे एका रेषेत भोकं पाडा: १६ फुटांवर एक, १८ वर, २१ वर, २४ वर, २८ वर. दहा-बारा पावलं बाजूला सरकून दुसरी रेषा. अशी १० ते १५ भोकं एकदमच पाडून टाका. नंतर एकेक पाडत बसलात तर दर वेळी गिरमिटाचा आवाज खाली जातो, आणि उथळ पाण्यात तर मासा त्याने नक्की बिचकतो. संध्याकाळी आपल्याला शांतता हवी आहे. भोकातला बर्फाचा चुरा काढायला मिळणारं साधन हुबेहूब भजी तळायच्या झाऱ्यासारखं असतं. चुरा पूर्ण काढा, नाहीतर दोरी त्यात गोठते.

खोली मोजायला फ्लॅशर वापरतात. हा गोल तबकडीचा सोनार, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते दाखवणारं यंत्र. तळ, आमिष आणि मासा, तिन्ही तो त्याच क्षणी रंगीत रेघांनी दाखवतो. बर्फ स्वच्छ असेल तर भोक पाडायच्या आधीच त्यावर थोडं पाणी ओतून फ्लॅशरचा संवेदक टेकवा, खोली बर्फातूनही दिसते. यामुळे कितीतरी फुकट भोकं वाचतात. फ्लॅशर महाग वाटत असेल तर पहिल्या वर्षी दोरीच्या टोकाला शिशाचं वजन लावा आणि दर पाच फुटांवर गाठ मारा. खोली मोजायचं काम त्यानेही होतं.

आता ती खडी-गाळाची सीमा. कडक तळावर फ्लॅशरवर रुंद, ठसठशीत लाल पट्टा येतो आणि पुष्कळदा दुप्पट खोलीवर त्याचाच दुसरा प्रतिध्वनी दिसतो. गाळावर पट्टा फिका पडतो, दुसरा प्रतिध्वनी नाहीसा होतो. शिशाचं वजनही हेच सांगतं. खडीवर ते टणकन थांबतं, हाताला ठोका कळतो. गाळात ते रुततं आणि वर ओढताना क्षणभर धरून ठेवल्यासारखं वाटतं. दोन शेजारच्या भोकांत असा फरक कळला की त्या दोघांच्या मधली जागा दिवेलागणीसाठी राखून ठेवा.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. संवेदकाचा ध्वनी खाली शंकूसारखा पसरतो. २० अंशांच्या शंकूचा संवेदक ३० फुटांवर सुमारे साडेदहा फूट व्यासाचा गोल बघतो. सपाट तळावर हे ठीक. पण तीव्र उतारावर शंकूची एक बाजू आधी तळाला लागते आणि तळाचा पट्टा जाडजूड दिसतो. त्या जाड पट्ट्यात मासा लपून जातो. उतारावर फ्लॅशर कोरा दिसला म्हणून भोक लगेच सोडू नका.

एकेक भोक तपासताना

दुपारी प्रत्येक भोकाला दहा-पंधरा मिनिटं द्या, जास्त नाही. १/८ ते १/४ औंसाचा चमकता स्पून, म्हणजे गळ लावलेलं धातूचं खोटं आमिष, आणि त्याच्या गळाला मिनोचं नुसतं डोकं. मिनो म्हणजे आमिषाचे बोटभर मासे, आमिष विकणाऱ्या दुकानात जिवंत मिळतात. दोरी ६ पौंडांचा ताण सोसणारी, काठी २४ ते ३० इंचांची. स्पून तळाला दोन-तीनदा आपटा, गाळ थोडा उडू द्या. मग फूटभर वर घ्या, झटक्याने फूटभर उचला, सोडा, आणि स्थिर धरा. पाच-दहा सेकंद. वॉलआय बहुतेक वेळा या थांबण्याच्या क्षणी घेतो.

फ्लॅशरवर काय चाललंय ते वाचायला शिका. तळाला चिकटलेल्या बारीक, लुकलुकणाऱ्या चार-पाच रेघा पर्चच्या. तो थवा उत्तम लक्षण आहे, जेवण तिथे आहे. आणि कधीकधी हा थवा अचानक नाहीसा होतो. मागच्या डिसेंबरात २२ फुटांवर असंच झालं. हिरव्या रेघांची गर्दी एका क्षणात पुसली गेली, तबकडी रिकामी. मग तळाचा लाल पट्टा जरासा फुगला, त्यातून एक रेघ सुटी झाली आणि सावकाश वर येऊ लागली. हिरवी, पिवळी, मग लाल, म्हणजे प्रतिध्वनी अधिकाधिक जोरकस. माझा स्पून तळापासून दीड फुटावर होता. मी तो आणखी सहा इंच वर नेला, इतक्या हळू की मनगट हलतंय हे मलाच कळू नये. लाल रेघ मागे मागे आली. दोन्ही रेघा एक झाल्या आणि काठीचं टोक नुसतं जड झालं. झटका नाहीच, ओलं फडकं अडकल्यासारखं.

यातली शिकायची गोष्ट: आमिष माशाच्या वर ठेवा आणि त्याच्यापासून दूर, वरच्या दिशेने न्या. त्याचे डोळे वर बघायला बनलेत. आमिष त्याच्या अंगावर खाली सोडलंत तर तो पळतो. आणि लाल रेघ आली पण दोनदा-तीनदा परत गेली, तर स्पून लहान करा किंवा हालचाल जवळजवळ बंद करा.

मिनेसोटात बर्फावर माणशी दोन गळ चालतात. दुसऱ्या भोकात, सहा-सात पावलांवर, जिवंत मिनो सोडून ठेवा. साधा गळ, वर छोटंसं शिसं, मिनोच्या पाठीवरच्या पराखाली हलकेच टोचलेला, तळापासून अर्धा ते एक फूट वर. स्पूनची चमक माशाला लांबून बोलावते आणि पुष्कळदा तो हा स्थिर घास घेऊन जातो. सुस्त जानेवारीत माझे निम्म्याहून जास्त मासे या दुसऱ्या गळाला लागले आहेत.

दिवेलागण

सूर्यास्ताच्या तासभर आधी शोध थांबवा. गिरमिट गाडीत, चालणं बंद, बादल्या सरकवणं बंद. दुपारच्या पाहणीतून दोन भोकं निवडा: एक कडेच्या पायथ्याशी, दुसरं कडेच्या माथ्यावर. आधी पायथ्याशी बसा. उजेड पिवळा पडू लागला की तिथे रेघा दिसतात. पंधरा-वीस मिनिटांत त्या थांबल्या तर मासा गेला असं समजू नका, तो वर चढला आहे. आवाज न करता माथ्यावरच्या भोकाकडे जा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून अर्धा-पाऊण तास नंतरपर्यंतची ही वेळ नितळ तलावावर दिवसभरापेक्षा मोलाची. त्यानंतर शांत झालं तरी रात्री एखाद-दुसरा मासा चुकत नाही, आणि पहाटे हाच खेळ उलट्या दिशेने, माथ्याकडून पायथ्याकडे चालतो. अंधार पडल्यावर डोक्याच्या बॅटरीचा झोत भोकात मारू नका. अंधारात चमकणारा स्पून असेल तर तो बाजूला धरून उजेडात भारून घ्या.

एकही रेघ दिसली नाही तर? दुसऱ्या दिवशी तीच जागा धरून बसू नका. खोली पाच-सहा फुटांनी बदला किंवा खुणेची पुढची जागा घ्या. वहीत तारीख, खोली, तळ कसला, किती वाजता रेघ दिसली आणि बर्फावर हिम किती होतं, एवढं लिहा. तीन हिवाळ्यांनंतर ती वही कुठल्याही नकाशापेक्षा जास्त कामाची ठरते.

नियम, आणि घरी नेताना

१६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो. त्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं. मिलॅक्सवर किती मासे ठेवायचे आणि कुठल्या लांबीचे, हे बदलत राहतं, म्हणून दर हिवाळ्यात जाण्याआधी नवा नियम वाचा. या तलावातला मासा राज्य आणि ओजिब्वे जमाती मिळून सांभाळतात. १८३७च्या कराराने ओजिब्वेंनी राखून ठेवलेला शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली कायम केला. आपण ज्या पाण्यावर बसतो तिथे त्यांची ओगा पकडायची रीत कितीतरी जुनी आहे, याचा मान राखायला हवा.

३० फुटांपेक्षा खोलातून वर ओढलेल्या माशाचा हवेचा फुगा फुगतो आणि सोडूनही तो बरेचदा जगत नाही. म्हणून सोडूनच द्यायचे असतील तर इतक्या खोलीवर गळ टाकू नका. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा आणि लवकर परत पाठवा. उणे वीसच्या हवेत त्याचे डोळे आणि कल्ले बघता बघता गोठतात. उरलेले मिनो तलावात ओतायला कायद्याने बंदी आहे. ते कचऱ्यात टाका आणि बादलीतलं पाणी बर्फावरून निघण्यापूर्वी काढून टाका. लांबीची अट असलेल्या तलावावरून मासा अख्खाच घरी न्यायचा. जिथे कापून नेता येतो तिथेही तुकड्यावर खवल्यांसकट कातडीचा चौकोन ठेवावा लागतो, म्हणजे मासा कुठल्या जातीचा ते तपासणाऱ्याला ओळखता येतं.

माशाच्या मांसात साठणाऱ्या पारा या विषारी धातूमुळे वॉलआय किती खावा याचा सल्ला राज्याचा आरोग्य विभाग देतो. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो वेगळा आहे, घरात कुणी असेल तर आवर्जून बघा. मांस पांढरं, घट्ट, वास जवळजवळ नाहीच. पाइक या माशासारखे आडवे काटेही नाहीत. आमच्याकडे कोकमाचं आगळ, हळद, तिखट आणि लसणीचं वाटण लावून अर्धा तास ठेवतो, मग तांदळाच्या पिठात रवा मिसळून घोळवायचा आणि तव्यावर मध्यम आचेवर. डोकं टाकण्याआधी दोन्ही गालांचं मांस सुरीच्या टोकाने काढून घ्या. रुपयाएवढे दोनच तुकडे निघतात, ते आमच्याकडे धाकटीच्या ताटात जातात.